दोन इंची करिअर

गणपतीच्या आधी गावाला जायचं म्हणजे तिकिटाचं टेन्शन. एसी केव्हाच फुल्ल. शेवटी कोकणकन्यात स्लीपर मिळाला, तोही साइड अपर. ज्यांना अनुभव आहे त्यांना दु:ख समजेल. पाय लांब केले की पॅसेजमध्ये, आखडले की पोटात. मी कुरकुरत चादर पसरत होते, तेवढ्यात खालच्या बर्थवरचे काका म्हणाले, "अगं, गादी तरी आहे. आम्ही बोडक्या फळीवर झोपून जायचो. ही दंडवत्यांची कृपा."

मी मान डोलावली. मास कॉमची डिग्री गळ्यात असताना 'म्हणजे काय हो?' विचारायची लाज वाटली. मधु दंडवते म्हणजे कोकण रेल्वे, एवढा फंडा क्लिअर होता. पण माझ्या पाठीखालचा फोमसुद्धा त्यांचाच, हे नवीन होतं.

परत आल्यावर वाचून काढलं, आणि पहिल्यांदा अडकले ती एका आकड्यावर. दंडवत्यांचा जन्म 1924चा, अहमदनगरचा. फिजिक्समध्ये एमएस्सी. मुंबईत फोर्टच्या सिद्धार्थ कॉलेजात, म्हणजे डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या कॉलेजात, ते फिजिक्स शिकवायचे, विभागप्रमुख होते. राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले 1971 साली. करा वजाबाकी. सत्तेचाळीस! आपल्याकडे सत्ताविसाव्या वर्षी 'आता फील्ड बदलायला उशीर झाला यार' म्हणून कॅन्टीनमध्ये सुस्कारे टाकणारी जनता असते. (त्यात मीही आलेच.)

अर्थात त्याला 'करिअर स्विच' म्हणणं जरा फसवं आहे. सर लेक्चर संपवून घरी जाऊन पेपर वाचत बसणाऱ्यांतले नव्हतेच. समाजवादी चळवळ आधीपासून होती. 1955च्या गोवा सत्याग्रहात एका तुकडीचं नेतृत्व करून पोर्तुगीज पोलिसांचा मारही खाल्ला होता. खडू आणि मोर्चा दोन्ही बरोबरीने. 1971च्या जानेवारीत राजापूरचे खासदार नाथ पै गेले, मार्चमध्ये निवडणूक आली. देशभर इंदिरा लाट होती. त्या लाटेत विरोधी पक्षाचा हा प्राध्यापक निवडून आला, आणि मग लागोपाठ पाच वेळा येत राहिला.

मधे आणीबाणी. 26 जून 1975ला सर बंगळूरमध्ये होते, तिथेच अटक झाली. वाजपेयी आणि अडवाणीही त्याच दिवशी तिथेच पकडले गेले. पत्नी प्रमिलाताई येरवड्याच्या तुरुंगात. एक बंगळूरला, एक पुण्याला, आणि मधे फक्त पत्रं. दीडेक वर्ष! एका वीकेंडला नेटवर्क गेलं तर आपले ब्रेकअप होतात.

1977 साली जनता सरकारात रेल्वेमंत्री झाले आणि इथे काकांची गादी येते. थर्ड क्लास 1974मध्येच रद्द झाला होता. रद्द म्हणजे नाव रद्द. पाटी सेकंड क्लासची, बाक तेच, लाकडाचे. दंडवत्यांनी पाटीला हात लावला नाही, बाकाला लावला. स्लीपरच्या बर्थवर दोन इंच फोम. फर्स्ट क्लासवाल्यांना खाली खेचायचं नाही, सेकंडवाल्यांना वर आणायचं, असा साधा हिशोब. डिसेंबर 1977मध्ये मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली, त्यात क्लासची भानगडच नव्हती. 1974च्या संपात नोकरी गेलेल्या रेल्वे कामगारांना परत घेतलं, तेही याच काळात. मंत्रिपद जेमतेम दोन-सव्वादोन वर्षांचं. सरकार गेलं, फोम राहिला. पुढच्या कुठल्याही मंत्र्याची तो काढायची हिंमत झाली नसणार. कोणाची होईल?

माझ्या मते, त्यांच्यातला फिजिक्सचा मास्तर सगळ्यात जास्त दिसतो तो इथे. नावाने काही बदलत नाही, वस्तू बदलावी लागते.

1989च्या डिसेंबरमध्ये व्ही. पी. सिंग सरकार आलं. दंडवते अर्थमंत्री, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. रेल्वेचा कोकणातला मार्ग तेव्हा रोह्यापाशी थांबला होता. एका समाजवाद्याच्या हातात तिजोरी, दुसऱ्याच्या हातात रूळ, असा योग पुन्हा कधी येणार? श्रीधरन यांची कल्पना अशी की रेल्वेच्या नेहमीच्या बजेटवर न अडता वेगळं महामंडळ काढायचं, पैसा केंद्र, चार राज्यं आणि कर्जरोख्यांतून उभा करायचा. जुलै 1990मध्ये महामंडळ झालंसुद्धा. त्याच वर्षी सरांनी सोन्यावरचा गोल्ड कंट्रोल कायदाही रद्द केला. पुढच्या वेळी पाडव्याला आईबरोबर सराफाकडे कंटाळलात तर आठवा. नोव्हेंबरमध्ये सरकार कोसळलं.

आणि 1991च्या निवडणुकीत सर राजापुरातून हरले.

हे वाचून मी जाम हादरले. ज्या माणसाने आपल्या मतदारसंघात रेल्वे आणायची सोय केली, त्याला त्याच मतदारसंघाने घरी बसवलं. रोहा ते मंगळूरजवळ ठोकूरपर्यंतची लाइन पूर्ण व्हायला 1998चा जानेवारी उजाडला. तोवर ते खासदार नव्हते, पुढेही झाले नाहीत. मधे योजना आयोगाचं उपाध्यक्षपद मात्र आलं. 12 नोव्हेंबर 2005ला ते गेले. देह त्यांच्या इच्छेप्रमाणे जे. जे. हॉस्पिटलला दिला.

त्या रात्री मला यातलं काहीच माहीत नव्हतं. सकाळी काका कणकवलीला उतरायच्या तयारीत होते. मी उगाच संभाषण वाढवायला विचारलं, "काका, तुम्ही दंडवत्यांना मत दिलं होतं?"

काकांनी बर्थखालची पिशवी ओढली. "दिलं होतं ना," म्हणाले. मग चप्पल शोधता शोधता, "शेवटच्या वेळेला नाही दिलं."