नोटीस एप्रिलमध्येच का लागते?

एप्रिल उजाडला की आमच्या एका कार्यकर्त्याच्या सोसायटीत फलकावर नोटीस लागते. गॅलरीबाहेर झेंडे, तोरणे, विजेच्या माळा लावू नयेत, इमारतीची शोभा जाते, असा तिचा मजकूर. हीच कमिटी दिवाळीत आकाशकंदिलांची स्पर्धा ठेवते, गच्चीपासून गेटपर्यंत माळा सोडते आणि त्या रोषणाईचे बिल सर्वांच्या मेंटेनन्समधून भरते. त्यात आमच्या बांधवाचाही पैसा असतो. दिवाळीच्या दिव्यांनी जी शोभा वाढते, ती 14 एप्रिलच्या निळ्या दिव्यांनी कशी जाते? शोभा जाते, की कुणाच्या डोळ्यांत निळा रंग खुपतो?

नियमच नको, असे आमचे म्हणणे नाही. उघड्या वायरीने शॉक बसतो, आग लागते. रात्रभर उघडझाप करणाऱ्या दिव्यांनी समोरच्या घरातील आजारी माणसाची झोप मोडते. नियम हवाच, पण तो एकच हवा. माळा किती दिवस ठेवायच्या, रात्री कधी बंद करायच्या, सोसायटीच्या मीटरवरची वीज कोणत्या सणाला द्यायची, हे दिवाळी, ईद, नाताळ, बुद्धपौर्णिमा आणि भीमजयंती या सर्वांसाठी एकाच कागदावर लिहिलेले हवे.

सेक्रेटरीची नोटीस म्हणजे कायदा नव्हे, हेही आपण समजून घेतले पाहिजे. सोसायटी चालते ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 आणि नोंदणीकृत उपविधींनुसार. उपविधीत बदल करायचा तर सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते आणि निबंधकाकडे नोंदणीही लागते. चार पदाधिकाऱ्यांनी चहा पिता पिता ठरवलेली गोष्ट उपविधी होत नाही.

पण नुसत्या कागदाने काय होते, हे महाडने आपल्याला शिकवले आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबई कायदे कौन्सिलने 1923 साली मंजूर केला. पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला. तरी चवदार तळ्याचे पाणी आपल्या ओंजळीत आले नाही. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब हजारो बांधवांसह तळ्यावर गेले, तेव्हा त्या ठरावात जीव आला. तळ्याचा कोर्टातील निकाल लागायला तर 1937 साल उजाडले. हक्क कागदावर असणे वेगळे आणि तो बजावणे वेगळे.

आता थोडे आपल्या घरात पाहू. खांबावर आकडा टाकून जयंतीची रोषणाई करणे ही 2003 च्या विद्युत कायद्यानुसार वीजचोरी आहे. ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम रात्री 10 नंतर लाऊडस्पीकर बंद ठेवायला सांगतात आणि सवलत मिळते ती ठरावीक दिवसांपुरतीच. ज्यांच्या नेत्याने या देशाची घटना घडवली, त्यांनी नियम मोडून विरोधकांच्या हाती कोलीत का द्यावे? तात्पुरते मीटर घ्या, रीतसर परवानगी घ्या, वेळ पाळा. मग समान नियम मागताना आपला आवाज कापणार नाही.

आणि मागायचा कुठे? 14 एप्रिलच्या सकाळी जिन्यात भांडून नव्हे. सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. आपले किती सभासद त्या सभेला जातात? बहुतेक जण सही करून घरी परततात. यंदा तसे करू नका. सजावटीच्या समान नियमाचा विषय आधी लेखी द्या, पोच घ्या, सभेत उभे राहून बोला आणि इतिवृत्तात नोंद करून घ्या. डावलले तर उपनिबंधकाकडे लेखी तक्रार करा.

गॅलरीतील एक निळी माळ ही कुणाची मेहेरबानी नव्हे. तिच्यासाठी हात जोडायचे नाहीत, हात वर करून मतदान करायचे आहे.

जय भीम!