मोठी बँक, मोठा भरवसा?

वर्धा शहराला लागून असलेल्या पिपरी मेघेसारख्या वसाहतींत बँकांचा विषय निघाला, की २०१२ सालची आठवण ओघाने येते. त्या वर्षी रिझर्व्ह बँकेने नागपूर, वर्धा व बुलढाणा या तीन जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना परवाना नाकारला आणि सामान्य ठेवीदारांचा पैसा अडकला. असे हात पोळल्यावर 'त्यापेक्षा अमेरिकेतील बलाढ्य बँकांचे समभाग बरे' असे वाटणे स्वाभाविक आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठविता येत असल्याने तो मार्ग खुलाही आहे. मात्र 'मोठी म्हणजे सुरक्षित' हे समीकरण तपासून घ्यायला हवे.

त्यासाठी विदर्भाशीच नाते सांगणारे उदाहरण पुरेसे आहे. नागपुरात जन्मलेले विक्रम पंडित डिसेंबर २००७ मध्ये सिटीग्रुपचे मुख्याधिकारी झाले, तेव्हा गृहकर्जाधारित रोख्यांनी बँक आतून पोखरली होती. अमेरिकी सरकारने तिच्यात ४५ अब्ज डॉलर ओतले, तरीही मार्च २००९ मध्ये समभाग एक डॉलरच्या खाली आला. २०११ मध्ये दहा समभागांचा एक करण्यात आला. बँक वाचली, परंतु २००७ च्या प्रारंभी पन्नास डॉलरहून अधिक दराने समभाग घेणाऱ्याचे मुद्दल आजवर भरून निघालेले नाही. त्या सुमारास जे. पी. मॉर्गनचा भाव जवळपास तितकाच होता. त्याने २०२४ मध्ये दोनशे डॉलरचा टप्पा ओलांडला. एकाच देशातील, एकाच संकटातून गेलेल्या दोन बँकांतील ही तफावत आहे.

ती का पडली? जे. पी. मॉर्गनने जोखमीच्या रोख्यांत तुलनेने कमी हात घातला आणि पडझडीत बेअर स्टर्न्स व वॉशिंग्टन म्युच्युअल स्वस्तात पदरात पाडून घेतल्या. बँक ऑफ अमेरिकेने कंट्रीवाइड घेतली, ती मात्र लोढणे ठरली. गृहकर्ज रोख्यांच्या प्रकरणात २०१४ मध्ये तिला १६.६५ अब्ज डॉलरची तडजोड करावी लागली. वेल्स फार्गो संकटातून सावरली, पण बनावट खात्यांच्या प्रकरणानंतर २०१८ मध्ये तिच्या विस्तारावर आलेली मर्यादा उठायला २०२५ चा जून उजाडला. भांडवलाची ताकद, ठेवी मिळविण्याचा खर्च, पुस्तकी मूल्याच्या तुलनेत भाव आणि नियामकाशी असलेले संबंध, या चार कसोट्यांवरच बँकांची तुलना करावी लागते. केवळ कमी भाव पाहून 'स्वस्त' ठरविणे घातक ठरते.

करांचाही विचार हवा. तेथील लाभांशावर भारतीय गुंतवणूकदाराचा साधारण २५ टक्के कर आधीच कापला जातो. गुंतवणूक ६० हजार डॉलरहून अधिक असताना मृत्यू झाल्यास वारसांपुढे अमेरिकी वारसा कराचा प्रश्न उभा राहू शकतो.

मूळ मुद्दा मात्र वेगळाच आहे. ठेवीदार हा बँकेचा धनको असतो, भागधारक तिचा मालक. आपल्याकडे २०२० पासून पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचे कवच आहे. समभागाला ते ना वर्ध्यात आहे, ना न्यूयॉर्कमध्ये. बँक बुडू लागली की पहिला घाव मालकावर पडतो. त्यामुळे मुलीच्या लग्नासाठी वा निवृत्तीसाठी राखलेली पुंजी समभागांत वळविणे म्हणजे सुरक्षिततेच्या शोधात अधिक जोखीम पत्करणे होय. दीर्घकाळ न लागणारा पैसा असेल, ताळेबंद वाचण्याची तयारी असेल, त्यानेच या वाटेला जावे.