फिलाडेल्फियाच्या कपाटात

वैद्यकीय कॉलेजच्या प्रवेशासाठी २८ जून १८८३ रोजी लिहिलेला एक अर्ज फिलाडेल्फियात अजून शाबूत आहे. अर्जदार अठरा वर्षांची, जन्म कल्याणचा, अमेरिकेत उतरून महिनाही झालेला नाही. प्रवेशाच्या अटींत आपण कमी पडू, हे ती लपवत नाही. पण मित्रमंडळी आणि जात यांचा विरोध पत्करून ज्या जिद्दीनं इथवर आणलं, तीच पुढेही उपयोगी पडेल, असं ती कॉलेजला सुनावते. आपल्याकडच्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, हेही सांगते. अर्ज मंजूर झाला. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. पंडिता रमाबाई त्या समारंभाला हजर होत्या.

हा कागद आज ड्रेक्सेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या ‘लेगसी सेंटर’ या अभिलेखागारात आहे. तो टिकला, याचंच नवल. १८५० मध्ये खास स्त्रियांसाठी निघालेलं आनंदीबाईंचं कॉलेज १९७० मध्ये मुलग्यांनाही प्रवेश देऊ लागलं आणि नावातलं ‘वुमन्स’ गळालं. पुढे होमिओपॅथीच्या परंपरेतल्या हानेमान संस्थेशी ते जोडलं गेलं, १९९८ मध्ये पालकसंस्थेचं दिवाळं वाजलं, २००२ मध्ये सगळं ड्रेक्सेलकडे आलं. अशा धामधुमीत पहिला बळी जुन्या खोक्यांचा जातो. इथे तो गेला नाही.

या संग्रहातलं एक छायाचित्र बहुतेकांनी मोबाइलवर पाहिलेलं असतं : ऑक्टोबर १८८५, साडीतल्या आनंदीबाई, शेजारी जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या ताबात इस्लामबुली, तिघी आपापल्या देशी वेषात. फोटो देखणा आहे, म्हणून तो फिरतो. पण खरा ऐवज रुक्ष कागदांत आहे. आनंदीबाईंचा प्रबंध प्राचीन हिंदू प्रसूतिशास्त्रावरचा. तोही जपलेला आहे. त्यांच्या डीन रेचल बॉडली मूळच्या रसायनशास्त्राच्या. त्यांनी १८८१ मध्ये माजी विद्यार्थिनींची पाहणी करून व्यवसाय कसा चालतो, कमाई किती, लग्नानं कामात अडथळा आला का, असे रोखठोक प्रश्न विचारले. बायका डॉक्टरकी शिकून घरी बसतात, या शेऱ्याला बॉडलीबाईंनी भाषणाऐवजी आकड्यांनी उत्तर दिलं. त्याआधी १८६९ मध्ये याच कॉलेजच्या मुली पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलात शिकायला गेल्या, तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांनी त्यांची हुर्यो उडवली होती.

प्रसिद्ध फोटोचा एक तोटाही असतो : चौकटीबाहेरची माणसं दिसेनाशी होतात. गुरुबाई करमरकर याच कॉलेजातून १८९२ मध्ये डॉक्टर झाल्या आणि परतून मुंबईत अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी वर्षानुवर्षं रुग्ण तपासले. आनंदीबाईंना बाविसावं वर्षही पुरं करता आलं नाही. कोल्हापूरच्या रुग्णालयातली नेमणूक हाती असताना त्या पुण्यात वारल्या. प्रत्यक्ष दवाखाना चालवला तो गुरुबाईंनी, आणि कादंबरी, नाटक, सिनेमा मात्र आनंदीबाईंच्या वाट्याला आले. यात आनंदीबाईंचा दोष नाही. आपल्याला शोकांतिका अधिक आवडते.

महाराष्ट्रात स्त्रियांचे कागद जपण्याचं काम अगदीच झालं नाही असं नाही. एसएनडीटी विद्यापीठात नीरा देसाई यांनी १९७४ मध्ये स्त्री-अभ्यासाचं संशोधन केंद्र उभं केलं. ‘स्पॅरो’ ही मुंबईची संस्था १९८८ पासून स्त्रियांचे आवाज, चित्रं, कागद गोळा करते आहे. मीरा कोसंबी आणि अंजली कीर्तने यांनी आनंदीबाईंचं आयुष्य नव्यानं मांडलं, तेही जुना पत्रव्यवहार धुंडाळून. पण संस्था जपतात ते त्यांच्यापर्यंत आलेलं. घरातून निघतच नाही, त्याचं काय? खरेदीखत, वाटणीपत्र, सातबारा यांना ट्रंकेत जागा असते, कारण उद्या कोर्टात लागतील. आजीची हिशेबाची वही, माहेराहून आलेली पोस्टकार्डं, शिक्षिकेच्या नोकरीचा हुकूम यांच्यावर कुणाचा दावा लागत नाही, म्हणून दिवाळीच्या आवराआवरीत ती रद्दीच्या काट्यावर चढतात.

यंदा माळा आवरताना असं काही हाती लागलं, तर लोखंडी टाचण्या काढून टाकाव्यात, त्या गंजून कागद खातात. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नये, ओल धरते. फोटोमागे नाव, गाव आणि साल लिहावं. पेननं नव्हे, मऊ पेन्सिलीनं. आणि फोटोतल्या बाईंना ओळखणारं घरात कुणी असेल, तर त्यांना आधी विचारून घ्यावं.