दोष फरशीचा, शिक्षा पिल्लाला

लंगडं पिल्लू जगवू नये, असा आमच्याकडे एक कायदा आहे. तो कोणी लिहिलेला नाही, पण पाळतात सगळे. अंडं फोडून पिल्लू बाहेर पडतं, पिसं सुकतात, ते उभं राहायला बघतं आणि दोन पाय दोन बाजूंना फाकून पोटावर आपटतं. लगेच घरातलं कोणीतरी म्हणतं, “नाय जगायचं तं. टाक उकिरड्यावर.” दुसरं म्हणतं नजर लागली, तिसऱ्याला अंडंच अमावास्येचं वाटतं. पिल्लू हातात घेऊन त्याचा पाय बघणारं माणूस मात्र क्वचित भेटतं. मला या कायद्याचा राग आहे आणि तो का आहे ते सांगते.

मी शहाडची. एका अंगाला उल्हास नदी, दुसऱ्या अंगाला रेल्वे आणि सेंच्युरी रेयॉनचा कारखाना, मध्ये आमचं गावठाण. भात पिकायचा तेव्हा घरोघरी चार-सहा कोंबड्या असायच्याच. कोंबडी खुडूक झाली की टोपलीत पेंढा घालून तिला अंड्यांवर बसवायचं. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघायची ती पेंढ्यावर. तिथून उतरायची ती शेणाने सारवलेल्या जमिनीवर आणि पुढे अंगणातल्या मातीत. पहिल्या पावलापासून नखं रुतवायला काहीतरी मिळायचं. फाकल्या पायांची पिल्लं तेव्हा फार दिसत नसत, ती यामुळे. आमच्या आज्या काही जादूगारीण नव्हत्या.

आता शेतांवर इमारती उभ्या राहिल्या आणि सारवलेल्या जमिनीवर चकचकीत फरशी आली. अंडी थर्माकोलच्या खोक्यात बल्बखाली ठेवतात. पिल्लू निघतं प्लास्टिकच्या ताटलीत. तिथून ते पुठ्ठ्याच्या खोक्यात जातं आणि खाली अंथरलेलं असतं वर्तमानपत्र. त्या कागदावर तुम्ही-आम्ही सॉक्स घालून चाललो तरी घसरू. एक दिवसाच्या पिल्लाच्या मांड्यांत जोर तो किती? घसरतं, पाय फाकतात, पुन्हा उठतं, पुन्हा फाकतात. काही पिल्लं खोक्यातली ऊब कमी-जास्त झाल्यामुळे अशक्त निघतात, ती तर आधीच पडतात. दोन-चार दिवसांत पाय तसेच वळून बसतात आणि आपण निकाल देतो की जन्मतःच अधू होतं.

यावर शहाण्यांचा एक युक्तिवाद असतो. मोठ्या पोल्ट्रीत अशी पिल्लं वेगळी काढून मारतातच, मग आपणच का जीव जाळायचा? पोल्ट्रीत एका शेडमध्ये हजारो पिल्लं असतात, एकेकाचा पाय बांधायला तिथे माणूस नाही. त्यांचा हिशोब त्यांच्यापुरता खरा. माझ्या डालग्याखाली नऊ पिल्लं आहेत. नवातलं एक गेलं तर उद्याची अंडी देणारी एक कोंबडी गेली. गावठी अंड्यांचे पैसे घरातल्या बाईच्या हातात राहतात. ते ती कोणाला मागत नाही आणि कोणाला त्याचा हिशोबही देत नाही. म्हणून हे पिल्लू उकिरड्यावर टाकायला सांगणारी माणसं बहुधा त्या पैशांची मालक नसतात, हेही ध्यानात घ्या.

आणि उपाय तरी किती महाग आहे? जखमेवर लावायची चिकटपट्टी घ्या, तिची अरुंद पट्टी कापा आणि दोन्ही पायांना पंजाच्या वर, घोट्याच्या खाली सैल गुंडाळा. मध्ये साधारण एक इंच अंतर राहू द्या, म्हणजे पाय बरोबर अंगाखाली येतात. चिकटपट्टी नसेल तर लोकरीचा धागा इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा बांधा. सुतळी नको, ती कातडीत रुतते. पिल्लाला उभं राहता आलं पाहिजे, लहान पावलं टाकता आली पाहिजेत. खाली गोणपाट किंवा खरखरीत फडकं घाला. पट्टी रोज बघा, पिल्लू वाढतं तशी ती आवळते. पाय सुजला, गार पडला तर तत्काळ सोडा. पहिल्या-दुसऱ्या दिवशी बांधलं तर बहुतेक पिल्लं दोन-चार दिवसांत नीट चालतात. आठवडा गेला की काम अवघड होतं. घशात जबरदस्तीने काही ओतू नका. पिल्लू बलक पोटात घेऊनच बाहेर येतं, पहिला दिवस त्याला तेवढा पुरतो. पाण्यात फक्त चोच टेकवायची.

पण प्रत्येक लंगडेपणा पट्टीने जात नाही. बांधाबांध आणि तेलाने चोळाचोळ करणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. आठ-पंधरा दिवसांच्या पिल्लाची बोटं मुठीसारखी आत वळली, ते घोट्यांवर बसायला लागलं, तर बहुधा ब-२ जीवनसत्त्व कमी पडलेलं असतं. खोक्यात कोंडून नुसती तांदळाची कणी घातली की हे होणारच. आईमागे फिरणारं पिल्लू किडे, मुंग्या, कोवळा पाला खातं, त्याला ते तिथून मिळतं. पिल्लांचं तयार खाद्य घाला आणि पाण्यातून द्यायचं ब-जीवनसत्त्वांचं औषध बाटलीवरच्या मापाने द्या. घोट्याचा सांधा सुजून पाय बाहेर वळला असेल तर मागची शीर जागेवरून सरकलेली असते. मँगनीजसारखे घटक कमी पडले की असं होतं. तिथे घरचा हात चालवू नका, त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवा.

आणखी मोठं, काही आठवड्यांचं पिल्लू एक पाय पुढे, एक मागे टाकून पडलं, तर मरेक नावाच्या विषाणूचा संशय घ्यायचा. त्याला औषध नाही. लस आहे, ती पहिल्याच दिवशी टोचावी लागते. विकतची पिल्लं आणताना ती टोचली आहे का, हे विचारायचं. मान वाकडी होऊन एकामागून एक पडायला लागली तर ती मानमोडी. आजारी पिल्लं वेगळी करून सरळ सरकारी दवाखाना गाठायचा. परळला १८८६ सालापासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पण एक दिवसाचं पिल्लू घेऊन लोकलच्या गर्दीत कोण शिरणार? म्हणून घरचं काम कोणतं आणि दवाखान्याचं कोणतं, हे घरातल्या माणसालाच कळायला हवं.

सगळी पिल्लं वाचतात असं मी म्हणत नाही. उपाय करून, चार दिवस वाट बघून, तरीही जे खात-पीत नाही आणि तडफडतं, त्याचा त्रास लवकर संपवणं यात पाप नाही. न बघता फेकण्यात आहे. उकिरड्यावर टाकलेलं पिल्लू तिथे लगेच मरत नाही, मांजर किंवा कावळा येईपर्यंत ओरडत राहतं.

तेव्हा फेकायचंच असेल तर आधी खोक्यातला तो गुळगुळीत कागद फेका.