गृहोद्योग : चित्रफीत-संकलनाचा संगणक

विवाहाचा हंगाम ओसरूं लागला कीं खानदेशांतील कित्येक घरांत वडीलधाऱ्यांपुढें एक नवाच प्रश्न येऊन ठाकतो. घरांतील एखादा मुलगा अथवा मुलगी दोन-तीन हंगाम कोणा जाणत्याच्या हाताखालीं लग्नाच्या चित्रफिती घेण्यास शिकते. जळगांव व धुळें या जिल्ह्यांत अहिराणी गीतांच्या चित्रफितींनाही आतां मोठा प्रेक्षकवर्ग लाभला आहे. तेव्हां संकलनाचा धंदा घरींच मांडावा, असा बेत ठरतो आणि दुकानदाराचें भावपत्रक घरांत हातोहात फिरूं लागतें. त्यांतील कोणती वस्तु खरोखर हवी आणि कोणती केवळ मिरविण्यापुरती, हें सांगणारें मात्र घरांत बहुधा कोणी नसतें. या अंकीं त्याच प्रश्नाचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. यांत दोन गोष्टी पणास लागलेल्या असतात. एक, एकत्र कुटुंबानें काटकसरीनें सांठविलेली पुंजी; आणि दुसरी, परक्या घरचा असा मंगल प्रसंग, कीं जो एकदां हातचा गेला तर पुन्हा घडवून आणतां येत नाहीं.

घरच्या पुंजीवर चित्रांचा धंदा उभारणें महाराष्ट्रास नवें नाहीं. दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं आपलें विमापत्र तारण ठेवून विलायत गांठली व तेथून कॅमेरा मिळविला. पुढें भांडवल देणारांची खात्री पटावी म्हणून त्यांनीं आधीं रोपट्याची वाढ दाखविणारें एक लहानसें चित्र काढिलें. फिल्मला छिद्रें पाडण्याचें व रसायनें सिद्ध करण्याचें काम घरांत सरस्वतीबाई करीत. आणि १९१३ त ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. आपल्या शेजारचें उदाहरण घ्यावयाचें तर धुळ्याहून सुमारें ५० किलोमीटरांवरील मालेगांवचें आहे. तेथें व्हिडिओ-गृह चालविणारे नासिर शेख यांनीं दोन व्हीसीआर एकमेकांस जोडून संकलनाचा हात बसविला, आणि मग गांवच्याच मंडळींना घेऊन ‘मालेगांव के शोले’ सारखीं विडंबनें रचिलीं. फैजा अहमद खान यांच्या २००८ च्या माहितीपटामुळें त्यांची कीर्ति दूरवर पसरली. दोघांनींही लहान कामावर हात बसविला, आणि मग मोठ्या कामास हात घातला, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

आमच्या मतें खरेदीचा क्रम असा असावा : आधीं चित्रफीत, मग सॉफ्टवेअर, आणि सर्वांत शेवटीं यंत्र. बहुतेक घरीं याच्या नेमकें उलट होतें.

प्रथम आपल्या कॅमेऱ्यांतून कोणत्या जातीची चित्रफीत येते, तें पाहावें. हल्लींचे कॅमेरे बहुधा एच. २६४ किंवा एच. २६५ या पद्धतीनें चित्र दाबून सांठवितात. यांत प्रत्येक चौकट पुरती लिहिलेली नसते. रोजकीर्दींत आरंभीं शिल्लक मांडावी आणि पुढें केवळ जमाखर्च टिपीत जावा, तद्वत् येथें एक चौकट पूर्ण लिहून पुढच्या चौकटींत केवळ झालेला बदल नोंदलेला असतो. मधल्याच एखाद्या दिवसाची शिल्लक हवी असली तर मागची सारी बेरीज-वजाबाकी करावी लागते. मधली चौकट दाखवितांना संगणकासही तेंच करावें लागतें. म्हणून फाइल आकारानें लहान असूनही यंत्र अडखळतें. यावर उपाय दोन आहेत. हा हिशेब करणारा स्वतंत्र भाग प्रोसेसरांत किंवा ग्राफिक्स कार्डांत असावा, हा एक. चित्रफितीच्या हलक्या प्रती, ज्यांस प्रॉक्सी म्हणतात, करून त्यांवर संकलन करावें आणि शेवटीं मूळ चित्र जोडून घ्यावें, हा दुसरा. दुसऱ्या उपायास थोडा वेळ आणि डिस्कवर थोडी जागा लागते. नवें यंत्र लागत नाहीं. जुन्या संगणकावर हा उपाय करून पाहिल्याशिवाय नव्याची खरेदी करूं नये.

आतां सॉफ्टवेअर. लग्नाच्या कामांत आपल्याकडे ईडियस वर्षानुवर्षें रुळलेलें आहे, त्यामुळें तें जाणणारा सहाय्यक सहज मिळतो. अडोबीचें प्रीमियर वर्गणीवर चालतें. वर्गणी थांबली कीं कामही थांबतें. फायनल कट प्रो हें केवळ ॲपलच्या यंत्रांवर चालतें. डाविंची रिझॉल्व्ह हें मुळांत रंगशोधनासाठीं निघालेलें सॉफ्टवेअर. ब्लॅकमॅजिक डिझाइन या ऑस्ट्रेलियांतील कंपनीनें २००९ त तें आपलेंसें केलें. त्याची एक आवृत्ति विनामूल्य मिळते आणि दुसरी एकदांच मोल देऊन घेतां येते. विनामूल्य आवृत्तींत कांहीं सोयी राखून ठेविलेल्या आहेत. म्हणून आपल्या कॅमेऱ्याची चित्रफीत तींत नीट चालते कीं नाहीं, हें आधीं पाहून घ्यावें. नवशिक्यानें येथूनच आरंभ करावा, असें आम्हांस वाटतें. चोरवाटेनें मिळविलेलें सॉफ्टवेअर मात्र घरांत येऊं देऊं नये. तें नीतीस धरून नाहीं हें उघडच आहे. शिवाय त्याच्या आडून शिरणारे विषाणु डिस्कवरील सारीं कामें कुलूपबंद करून खंडणी मागतात.

सॉफ्टवेअर ठरलें म्हणजे यंत्राची निवड पुष्कळशी आपोआप होते. रिझॉल्व्हचा भार विशेषेंकरून ग्राफिक्स कार्डावर पडतो. म्हणून त्या कार्डावर स्वतःची स्मृति निदान ८ जीबी असावी, त्याहून अधिक असल्यास उत्तम. ईडियसला प्रोसेसर व त्यांतील अंतर्गत चित्रविभाग यांचा मोठा आधार असतो. इंटेलच्या प्रोसेसरांतील क्विक सिंक हा भाग वर सांगितलेला हिशेब वेगानें करितो. परंतु ज्या प्रोसेसराच्या नांवाशेवटीं ‘एफ’ अक्षर असतें, त्यांत हा विभाग चालूच नसतो. कांहींशा कमी किंमतीच्या मोहानें तो घेणारा संकलक पुढें पस्तावतो. कॅमेरा दहा-बिटी ४:२:२ या प्रकारचें चित्र देत असेल तर ही दक्षता दुणावावी. कारण एनव्हिडियाच्या कार्डांत या प्रकाराची सोय २०२५ त निघालेल्या आरटीएक्स ५० या मालिकेपासूनच झाली. रॅम ४के कामास ३२ जीबी असावी. ती वाढविण्यास रिकामी जागा आहे कीं नाहीं, हेंही विचारावें. ॲपलच्या बहुतेक यंत्रांत ती मागाहून वाढवितां येत नाहीं. २०२५ च्या उत्तरार्धांत रॅमचे भाव जगभर चढले, तेव्हां जुन्या भावपत्रकावर विसंबूं नये.

सर्वांत अधिक हयगय होते ती सांठवणीची. सेकंदास १०० मेगाबिट या वेगानें टिपलेल्या चित्रफितीस तासास ४५ जीबी जागा लागते. दोन कॅमेरे प्रत्येकीं सहा तास चालले तर एका लग्नाचे ५४० जीबी झाले. हंगामांत अशीं वीस लग्नें आलीं तर जवळजवळ ११ टीबी! म्हणून चालू कामास वेगवान एसएसडी आणि सांठवणीस मोठी हार्ड डिस्क, अशी वांटणी करावी. व प्रत्येक लग्नाच्या तीन प्रती असाव्या, त्यांतील एक दुसऱ्या घरीं. धुळ्यास शंकर श्रीकृष्ण देव यांनीं समर्थ संप्रदायाचीं हस्तलिखितें मोठ्या कष्टानें जमविलीं. ज्या ग्रंथांच्या नकला मठोमठीं झाल्या होत्या, ते काळाच्या तडाख्यांतून अधिक वांचले. डिस्क ही पोथीहूनही अल्पायुषी वस्तु आहे. वधूपित्यास “डिस्क गेली” असें सांगण्याचा प्रसंग ज्याच्यावर येतो, त्याला त्या गांवांत दुसरें काम मिळणें कठीण.

खानदेशचा उन्हाळा हा तर यंत्राचा मोठा शत्रु. वैशाखांत जळगांव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि नेमके तेच लग्नाचे दिवस. प्रोसेसर अति तापला म्हणजे स्वतःस वांचविण्यासाठीं आपला वेग आपणच कमी करितो. म्हणजे महागडें यंत्र ऐन हंगामांत स्वस्त यंत्रासारखें चालतें. म्हणून अधिक किंमतीच्या प्रोसेसरापेक्षां मोठी हवेशीर पेटी, चांगले पंखे आणि धूळ अडविणारी जाळी यांवर खर्च करावा. पत्र्याखालची माडी या कामास देऊं नये; तळमजल्यावरची थंड खोली द्यावी. वीज अकस्मात् गेली तर लिहिली जाणारी फाइल बिघडते, म्हणून यूपीएस अवश्य घ्यावा, आणि भिंतींतील अर्थिंग तारतंत्र्याकडून तपासून घ्यावें. पडदा आयपीएस जातीचा व रंग खरे दाखविणारा असावा. नाहीं तर हळदीचा पिवळा आणि शालूचा हिरवा यांचें रूप ग्राहकाच्या घरीं भलतेंच दिसावयाचें.

शेवटीं घरच्या वडीलधाऱ्यांस आमची विनंति अशी. खरेदीस जातांना आपल्याच कॅमेऱ्याची दहा मिनिटांची चित्रफीत बरोबर न्यावी, दुकानांतील यंत्रावर ती चालवून पाहावी, आणि प्रत्येक भागाचें नांव व हमीची मुदत बिलांत वेगळी लिहवून घ्यावी. पहिल्या वर्षीं घरच्या संगणकावर अथवा भाड्याच्या यंत्रावर दोन-चार कामें पुरीं करून द्यावीं. त्या मिळकतींतून नव्या यंत्राचा निदान चौथा हिस्सा उभा राहिला, तर उरलेली रक्कम घरानें निःशंकपणें द्यावी; तो राहिला नाहीं, तर गेला तो केवळ एक हंगाम, घरची पुंजी सुरक्षित राहिली. आणि हें काम बसून, शांतपणें, रात्रीं-बेरात्रीं घरांतच करावयाचें असल्यानें त्याचा विचार करितांना लेकी-सुनांचाही विचार व्हावा. कसब हें घरांत कोणाच्या हातांत आहे, एवढेंच पाहावें.