ट्रॉली म्हणजे काय?



मागील महिन्यात एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर एका वयोवृद्ध शेतकरी गृहस्थांनी आम्हांस देवळाच्या पायरीवर गाठले. त्यांच्या पुतण्याचे लग्न जवळ आले होते व वऱ्हाड चार कोसांवरच्या गावी न्यावयाचे होते. ते म्हणाले, "फादर, ट्रॅक्टर आपला, ट्रॉली आपली, माणसेही घरचीच. मग घरच्या गाडीतून घरची माणसे नेण्यास कायद्याची आडकाठी ती कसली?"

प्रश्न सरळ होता. परंतु त्याचे सरळ उत्तर देण्यासाठी आम्हांस कायद्याचे पुस्तक उघडावे लागले.

मोटार वाहन कायदा १९८८ साली संमत झाला व १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याचे दुसरे कलम निव्वळ व्याख्यांचे आहे. असल्या व्याख्या रुक्ष वाटतात व वाचक त्या ओलांडून पुढे जातो. शेताचा बांध मात्र आपण कधी रुक्ष मानीत नाही. कोणाचे काय, हे तोच ठरवितो. कायद्यातील व्याख्येचेही तेच काम आहे.

यांत्रिक शक्तीने चालणारे व रस्त्यावर वापरण्याजोगे केलेले वाहन म्हणजे मोटार वाहन, असे कायदा म्हणतो. रुळांवर धावणारी गाडी त्यातून वगळली आहे. ट्रेलर मात्र स्पष्ट शब्दांत समाविष्ट केला आहे. म्हणजे बैलांनी ओढलेली गाडी मोटार वाहन नव्हे, परंतु ट्रॅक्टरामागची ट्रॉली, तिला स्वतःचे इंजिन नसूनही, मोटार वाहन ठरते. ट्रॅक्टराची व्याख्याही लक्षात घेण्यासारखी आहे. जे मोटार वाहन स्वतः भार वाहण्यासाठी बांधलेले नाही, ते ट्रॅक्टर. तेव्हा चाकावरील पत्र्यास आपण कितीही आसन समजलो, तरी ते आसन नव्हे.

आता मुख्य गोष्ट. केवळ माल वाहण्यासाठी बांधलेले वाहन, किंवा तसे बांधलेले नसूनही माल वाहण्यासाठी वापरलेले वाहन, यास कायदा मालवाहू वाहन म्हणतो. अशा वाहनातून जाणाऱ्या मालाच्या मालकास अथवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीस १९९४ च्या दुरुस्तीने सक्तीच्या विम्याचे संरक्षण मिळाले. परंतु त्यात फुकट बसलेल्या प्रवाशाचा भार विमा कंपनीवर नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिला. आणि २०१९ च्या दुरुस्तीने तो अपवाद कायद्याच्या शब्दांतच आला. कधी कधी न्यायालय कंपनीस आधी भरपाई देण्यास व मग ती मालकाकडून वसूल करण्यास सांगते. म्हणजे अखेर भार मालकावरच. ट्रॉली उलटली, तर एका दिवसात घरची माणसे जावयाची व मागाहून घरची जमीनही.

उसाच्या हंगामात आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. ट्रेलरच्या मागील अंगास दोन्ही बाजूंना एकेक तांबडा परावर्तक असावा, असे १९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात. उसाच्या वाढ्यांखाली तो झाकला गेला, तर अंधारात मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला उभी ट्रॉली दिसावी कशी?

दुचाकीस्वारासाठीही एक व्याख्या आहे. शिरस्त्राण कशास म्हणावे, हे सांगताना कायदा दोन अटी घालतो: आकार, घडण व साहित्य यांमुळे त्यापासून अपघातात संरक्षणाची वाजवी अपेक्षा करता यावी, आणि ते पट्ट्याने डोक्यास घट्ट बांधलेले असावे. दुसऱ्या अटीचा अर्थ आमच्या तरुणांनी ध्यानी घ्यावा. पट्टा न बांधता डोक्यावर नुसते ठेवलेले हेल्मेट कायद्याच्या दृष्टीने हेल्मेटच नव्हे. हँडलला अडकविलेल्याविषयी तर बोलावयासच नको. चार वर्षांवरील मुलांनाही हा नियम लागू आहे.

हे सर्व आम्ही त्या गृहस्थांस सावकाश समजावून दिले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले व एकच विचारले, "म्हणजे विमा आहे, पण आमच्या माणसांचा नाही?" आम्ही होय म्हणालो. ते काही वेळ गप्प राहिले; नातवाचा हात धरून उठले आणि निघून गेले.

वऱ्हाड भाड्याच्या बसमधून गेले. खर्च वाढला, म्हणून मांडवातील वाजंत्री रद्द झाली व घरातील स्त्रियांनीच गाणी म्हटली. ट्रॉली त्या दिवशी अंगणात उभी होती. तिच्यात मुले खेळत होती.