हर्नियानंतरची रात्र आणि ब्लॉकची निवड

वाशिम जिल्ह्यातील मालेगावसारख्या तालुक्याच्या गावी जांघेच्या हर्नियाची शस्त्रक्रिया बहुधा स्पायनलखाली होते. सकाळची स्पायनल दुपारी उतरते. दुखणे जोर धरते तेव्हा भूलतज्ज्ञ पुढच्या गावच्या केसला निघालेला असतो. म्हणून ब्लॉकची तुलना करताना पहिला प्रश्न असा, की आपण गेल्यावर रुग्णाच्या कामी काय येणार?

जांघेतील जखमेची वेदना मुख्यतः एल-१ च्या इलिओइंग्वायनल आणि इलिओहायपोगॅस्ट्रिक नसांतून जाते. जोडीला जेनिटोफेमोरलची जेनिटल शाखा असते. पहिल्या दोन नसांचा ब्लॉक त्यामुळेच नेमका ठरतो. रफी यांनी २००१ मध्ये मांडलेला टॅप ब्लॉक पोटाची भिंत अधिक रुंद बधिर करतो, पण बाजूने दिल्यास औषध एल-१ पर्यंत पोचेलच असे नाही. क्वाड्रेटस लंबोरमचा परिणाम जास्त टिकू शकतो. मात्र सुई खोल जाते आणि मांडीची ताकद कमी होण्याचा धोका राहतो.

हे दोन्ही ब्लॉक सोनोग्राफीच्या आधाराने द्यायचे. पीसीपीएनडीटी कायद्याखाली मशीनची नोंदणी लागते, ते पिशवीत घालून गावोगाव नेता येत नाही. याउलट एक्स्टर्नल ऑब्लिकचे आवरण उघडले की सर्जनला नसा डोळ्यांनी दिसतात. तिथेच औषध सोडायला दोन मिनिटे पुरतात. हर्नियाच्या २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही प्रत्येक उघड्या शस्त्रक्रियेत नसांचा ब्लॉक किंवा जखमेत भूल द्यायला सांगतात. आमचे मत स्पष्ट आहे: मोजक्या रुग्णांना मिळणाऱ्या उत्तम ब्लॉकपेक्षा प्रत्येकाला मिळणारा साधा ब्लॉक श्रेष्ठ.

साधा म्हणून हलगर्जी नको. ब्युपिव्हाकेन २ मिलिग्रॅम प्रतिकिलो धरले, तर ५० किलोच्या शेतमजुराला ०.२५ टक्क्याचे ४० मिलिलिटर ही कमाल. सर्जनने जखमेत सोडलेले औषधही त्यातच मोजावे. २० टक्के लिपिड इमल्शन थिएटरमध्ये हवेच. औषध पसरून फेमोरल नस बधिर झाली तर पाय लटपटतो, म्हणून पहिल्यांदा उठवताना आधार द्यावा. आतल्या ओढीचे दुखणे ब्लॉकने थांबत नाही. त्यासाठी पॅरासिटामॉल आणि मूत्रपिंड-जठर ठीक असल्यास डायक्लोफिनॅक वेळेवर चालू ठेवावे, रुग्ण मागेपर्यंत थांबू नये.

कोणता ब्लॉक, किती औषध, किती वाजता हे केसपेपरवर लिहा. सहा तासांनी आणि रात्री, खोकल्यावर किती दुखते ते सिस्टरांना नोंदवायला सांगा. पुढचा ब्लॉक त्या नोंदी पाहून ठरवा.